‘सर्व्हिस केलेला’ जुना टर्नटेबल घेताना होणारी फसवणूक

‘पूर्ण सर्व्हिस केलेला, उत्तम चालू स्थितीत.’ विक्रीच्या व्हिडिओत टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरवर, तबकडी (रेकॉर्ड) फिरतेय, गाणं वाजतंय, लाकडाला नवं पॉलिश आहे, झाकणावर ओरखडा नाही. घेणारा पैसे भरतो आणि पहिले काही दिवस खुशीत जातात. मग जाणवतं की शेवटच्या गाण्यात, म्हणजे तबकडीच्या मध्याजवळ, ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे येतात. हळूहळू नव्याकोऱ्या तबकड्याही तशाच वाजू लागतात, आणि त्या दुसऱ्या चांगल्या यंत्रावर लावल्या तरी खरखर जात नाही. खाचा कायमच्या खरवडल्या गेल्या. यंत्राचे पैसे बुडाले ते बुडाले, जपून ठेवलेल्या तबकड्याही गेल्या, आणि त्या दुरुस्त होत नाहीत.

विकणाऱ्याने काय केलेलं असतं ते नीट समजून घ्या. सुई झिजलेली असते किंवा टोनआर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग (तो ज्यावर फिरतो तो सांधा) जड झालेलं असतं, त्यामुळे सुई खाचेतून उड्या मारते. खरा इलाज म्हणजे सुई बदलणं किंवा बेअरिंग साफ करणं. तो टाळून टोनआर्मचं मागचं वजन पुढे सरकवतात. दाब वाढतो, उड्या थांबतात, व्हिडिओ झकास निघतो. कधी हेडशेलवर, म्हणजे दांड्याच्या सुईकडच्या टोकावर, चक्क नाणं चिकटवलेलं असतं आणि पाठवण्याआधी काढून टाकतात. टेपचा चिकटा मात्र तिथे बोटाला लागतो. सुई जिच्यात बसते त्या डबीला कार्ट्रिज म्हणतात, आणि मूव्हिंग मॅग्नेट या प्रकारच्या बहुतेक कार्ट्रिजना 1.5 ते 2.5 ग्रॅम दाब पुरतो. अशा ‘दुरुस्त’ यंत्रावर तो चार-पाच ग्रॅमपर्यंत नेलेला असू शकतो.

वजनावरच्या आकड्यावर विसंबू नका. आकड्यांची चकती बहुतेक यंत्रांत वजनापासून सुटी फिरते, म्हणजे दाब कितीही असो, चकती ‘2’ वर आणून ठेवता येते. फोटोतला तो ‘2’ काहीच सिद्ध करत नाही. सुईचा दाब मोजायचा छोटा डिजिटल काटा मिळतो, तो आधी घ्या. सुई काट्यावर टेकवून, आकडा स्पष्ट दिसेल असा फोटो विकणाऱ्याकडे मागा. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

यंत्र हातात आलं की लगेच आवडती तबकडी लावू नका. अँटिस्केट (टोनआर्म आत ओढला जाऊ नये म्हणून उलटा ताण देणारी सोय) शून्यावर आणा, सुईचं टोपण काढा आणि मागचं वजन फिरवून टोनआर्म आडवा तरंगता ठेवा. आता त्याला अगदी हलका धक्का द्या. तो आडवा आणि वर-खाली, दोन्ही दिशांना अलगद सरकायला हवा. मध्येच अडकला किंवा एकाच जागी परत परत थांबला, तर बेअरिंग गेलंय. नीट चालत असेल तर वजन न हलवता फक्त चकती शून्यावर आणा, मग चकतीसकट वजन फिरवून कार्ट्रिजला सांगितलेला दाब द्या आणि काट्यावर ताडून बघा. त्या योग्य दाबावर सुई उड्या मारू लागली, तर वाढवलेल्या दाबाआड काय लपवलं होतं ते कळलंच. सुई किती तास चाललीय हे विकणाऱ्यालाही सहसा माहीत नसतं, म्हणून जुन्या यंत्राबरोबर नव्या सुईचा खर्च धरूनच सौदा करा. त्या कार्ट्रिजला बसणारी सुई अजून मिळते का, तेही आधी बघा.

दुसरा सापळा विजेचा. 110 व्होल्ट, 60 हर्ट्झवर चालणारं यंत्र ‘ट्रान्सफॉर्मर सोबत देतो’ म्हणून गळ्यात मारतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ, म्हणजे विजेची दर सेकंदाची आवर्तनं, बदलत नाही. बेल्टने तबकडी फिरवणाऱ्या ज्या यंत्रांत सिंक्रोनस मोटर असते ती विजेच्या हर्ट्झवरच वेग धरते, त्यामुळे आपल्याकडच्या 50 हर्ट्झवर मिनिटाला 33⅓ ऐवजी सुमारे 27.8 फेरे पडतात आणि गायकाचा आवाज जड, सुस्त होतो. काही मॉडेलना 50 हर्ट्झची वेगळी पुली (बेल्ट फिरवणारं मोटरवरचं चाक) बसते. ती मिळते याची खात्री झाल्याशिवाय घेऊ नका. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह (बेल्टशिवाय थेट मोटरने फिरणारं, क्वार्ट्झ स्फटिकाने वेग राखणारं यंत्र) असेल तर ही अडचण येत नाही. वेग तपासायला 50 हर्ट्झच्या विजेवर थेट चालणाऱ्या साध्या पिवळ्या बल्बखाली, तबकडीच्या जागी, 180 रेघांची स्ट्रोब चकती (वेग तपासायची रेघा छापलेली गोल चकती) ठेवून यंत्र फिरवा. 33⅓ वर रेघा स्थिर दिसायला हव्यात.

नव्यातही जपून. ब्रीफकेससारख्या पेटीतले, मागे वजनच नसलेले आणि सिरॅमिक (जड दाबाच्या स्वस्त प्रकारच्या) कार्ट्रिजचे बरेच स्वस्त प्लेअर पाच-सहा ग्रॅम दाब देतात, आणि तो कमी करायची सोयच नसते.