अलिबाग, गुहागर की मालवण? आधी रात्री मोजा, मग किनारा ठरवा

कोकणात जायचं ठरलं की घरात चर्चा सुरू होते ती "कुठला बीच चांगला" यावरून. हातात किती रात्री आहेत आणि सोबत कोण कोण येणार आहे, हे आधी ठरलं की किनारा जवळजवळ आपोआप ठरतो. मुंबईकरांकडे दोनच रात्री असतील तर अलिबाग-मुरुड. तीन रात्री असतील आणि सोबत आजी-आजोबा, लहान मुलं असतील तर दापोली-गुहागर. मालवण-वेंगुर्ल्यासाठी किमान चार रात्री हव्यात. तेवढ्या निघत नसतील तर मालवण सरळ पुढच्या सुट्टीवर ढकलावं, कारण धावतपळत केलेल्या मालवणात रस्ताच जास्त बघून होतो.

जायचं कसं

अलिबागचा सगळा जोर पोहोचण्याच्या सोयीवर आहे. गेटवेहून लाँचने तासाभरात मांडवा, आणि त्याच तिकिटात मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून रो-रो आहे. रस्त्याने अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, पण शनिवारी सकाळी पेण-वडखळच्या रांगेत अडकलात तर त्या शंभराचा काही भरवसा नाही. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, हेही ध्यानात ठेवा. पुणेकरांनी मात्र अलिबागचा हट्ट धरू नये. ताम्हिणी घाट उतरून दिवेआगर-श्रीवर्धनला जाणं त्यांना कितीतरी सोपं, आणि तिथले किनारेही अधिक मोकळे.

दापोलीला रेल्वे नाही. खेडला उतरून साधारण तीस किलोमीटर जावं लागतं. गुहागरला चिपळूणहून पंचेचाळीसेक. दापोली आणि गुहागरच्या मध्ये वाशिष्ठीची खाडी येते, आणि दाभोळ-धोपावे फेरीबोट गाडीसकट पलीकडे नेते. ती बोट नसती तर या दोन तालुक्यांना एका सहलीत जोडायची कल्पनाच कुणी केली नसती. पुण्याहून थेट गुहागर गाठायचं तर पाटणवरून कुंभार्ली घाट उतरा. घाटात मुलांना गाडी लागते, म्हणून सकाळी पोट हलकं ठेवून निघालेलं बरं.

मालवण मुंबईहून पाचशे किलोमीटर. एका दमात गाडी चालवत जाण्यापेक्षा रात्रीची रेल्वे पकडून सकाळी कुडाळला उतरावं, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यासाठी ते त्याच दिवशी करावं लागतं. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण विमानांचं वेळापत्रक बदलत राहतं. त्यामुळे परतीचा एक पर्याय रेल्वेचा हाताशी असू द्या.

पाण्यात उतरायचं असेल तर

अलिबाग, वरसोली, नागाव हे सपाट किनारे. ओहोटीला पाणी लांब मागे सरतं, तेव्हा कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. पाणी गढूळ, वाळू काळसर. फोटोत ती पांढऱ्या वाळूपुढे फिकी पडते. तरीही लहान मुलांना वाळूत खेळू द्यायला मला हा सपाटपणा आवडतो. काशीदची पांढरी वाळू लोकांना ओढते, पण तिथला तळ पटकन खोल जातो आणि तिथे माणसं बुडाल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. मुरुडचा किनारा तर वरवर शांत दिसतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी तिथे सहलीला आलेले पुण्याचे दहाहून अधिक विद्यार्थी बुडाले. म्हणून कुठल्याही किनाऱ्यावर पाण्यात उतरण्याआधी तिथल्या एखाद्या कोळ्याला किंवा टपरीवाल्याला विचारा: इथे उतरतात का, आणि आत्ता भरती आहे की ओहोटी?

भरतीचा अंदाज घरबसल्याही येतो. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, आणि त्याच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास कुलाब्याची वाट उघडी. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराला येते, पण तेव्हा भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते आणि पाणी फारसं मागे जात नाही. उलट पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. पाणी खूप मागे जातं आणि तितक्याच वेगाने परत येतं, म्हणून किल्ल्यात रेंगाळू नका. कॅलेंडरवरची तिथी बघून सहलीचा दिवस ठरवणारी माणसं मला फार शहाणी वाटतात.

दापोलीकडे कर्दे आणि मुरुड हे रुंद, सपाट पट्टे. (हे मुरुड वेगळं, जंजिऱ्याच्या मुरुडशी गल्लत करून चुकीच्या ठिकाणी खोली घेऊ नका.) गुहागरचा किनारा लांबच लांब, जवळजवळ सरळ रेषेत, मागे सुरूचं बन. तिथे गर्दी असली तरी ती पसरून जाते. आणि गुहागरची खरी श्रीमंती किनाऱ्याच्या पाठीमागे आहे: वरचा पाट आणि खालचा पाट या वस्त्या, नारळ-पोफळीच्या वाड्या आणि त्या वाड्यांमधली राहायची घरं. मागच्या दारातून निघालात की वाडी ओलांडून थेट वाळूवर. आजीला गुडघ्यांमुळे किनाऱ्यावर यायचं नसेल तर ती झोपाळ्यावर बसते, मुलं हाकेच्या अंतरावर खेळतात. तीन पिढ्या एकत्र असताना याहून चांगली सोय मला तरी कोकणात दिसलेली नाही.

पाण्याखालचं बघायचं असेल तर मात्र मालवणला तोड नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातलं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. तिथे प्रवाळ आहेत आणि पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक हाताला धरून खाली नेतो. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात नितळ असतं, म्हणून स्कूबासाठी हेच महिने. जून ते सप्टेंबर हा विचारच नको. प्रवाळावर पाय टेकवू नका. ते सजीव असतात, आणि एका पायाने मोडलेलं पुन्हा वाढायला कित्येक वर्षं लागतात. ज्यांना गोंगाट नको त्यांनी तारकर्ली-देवबागहून कर्ली नदीच्या पलीकडे भोगवे, निवती, किंवा आणखी खाली शिरोड्याकडे सरकावं. शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला होता, हे तिथे गेल्यावर मुलांना जरूर सांगा.

वाळूचा कंटाळा आला तर

तिसऱ्या दिवशी मुलं समुद्राला विटतात, तेव्हा सावली लागते. अलिबागजवळ कनकेश्वरचा डोंगर आहे, झाडीतून पायऱ्या चढून जायचा. मुरुडच्या वाटेवर फणसाड अभयारण्य, एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. आता तिथे नशिबात असेल तर शेकरू दिसतो. मालवणजवळचा धामापूर तलाव मला या सगळ्यांहून प्रिय. काठावर भगवतीचं देऊळ, भोवती दाट झाडी, भर दुपारीही गारवा.

दापोलीच्या बाजूला जंगल कमी, पण वेळास आहे. ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचं काम तिथे २००२ मध्ये सुरू झालं आणि आता गावकरी पाहुण्यांना घरात उतरवून घेतात. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात सकाळ-संध्याकाळ पिल्लं समुद्रात सोडतात. पिल्लं दिसतीलच याची खात्री कुणी देत नाही, म्हणून एक रात्र जास्तीची ठेवा. आणि कुठल्याही किनाऱ्यावर गाडी वाळूत घालू नका. कासवाची अंडी वाळूखाली असतात, ती चाकाखाली गेली तर वरून कळतही नाही.

जेवणाचं

मासे खायचेच असतील तर मालवण: तिरफळ घातलेला बांगडा, तिसऱ्या, सोलकढी. गुहागरच्या बऱ्याच घरांत फक्त शाकाहारी जेवण मिळतं, खोली घेतानाच विचारा. हर्णैला मासळीचा लिलाव बघता येतो, ताजं घेऊन यजमानांकडे शिजवूनही मिळतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईची अपेक्षा ठेवू नये. अलिबागमध्ये सगळं मिळतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर पांढऱ्या कांद्याची माळ घेतल्याशिवाय परतू नका.

अजूनही ठरत नसेल तर

पहिल्यांदाच समुद्र बघणारं मूल आणि कमी रजा: नागाव, तेही शनिवार-रविवार टाळून. आई-वडिलांना घेऊन निवांत राहायचंय: गुहागर, मध्ये एक दिवस वेळणेश्वर-हेदवी. हेदवीची बामणघळ पूर्ण भरतीला बघायची, कपारीतून पाणी उसळतं ते तेव्हाच. मात्र कातळाच्या कडेपासून चांगलं लांब उभं राहून. कॉलेजातली मुलं, पोहणारी, चार-पाच दिवस मोकळी: मालवण, डोळे मिटून. नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा सोडून कुठलाही.

जंजिरा, हर्णैचा सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग असे तीन किल्ले एकाच सहलीत बसवायचा बेत असेल तर तो आत्ताच मोडा. तिन्हीकडच्या होड्या भरती-ओहोटी आणि वाऱ्यावर चालतात. एकीकडे अर्धा दिवस थांबावं लागलं की पुढचे दोन्ही किल्ले हातचे जातात.