भाकरीची कसोटी: व्हिडिओ तयार करणाऱ्या एआय साधनांची तुलना

सोलापूर जिल्ह्यातील एका महिला बचत गटासाठी कडक भाकरीची ४५ सेकंदांची जाहिरात करून देण्याचे काम नोव्हेंबर २०२५ मध्ये माझ्याकडे आले. बजेट इतके तुटपुंजे होते की कॅमेरामन, लाइट आणि दिवसभराची गाडी यांचा विचारही करता येत नव्हता. म्हणून ज्वारीचे रान, पेटती चूल आणि भाकरी थापणारे हात हे सारे एआयकडूनच काढून घ्यायचे मी ठरवले. त्या निमित्ताने बाजारात बोलबाला असलेली साधने एकाच कामावर, एकाच महिन्यात वापरून पाहता आली. या साधनांच्या तुलना बहुतेक वेळा निऑन दिव्यांच्या रस्त्यावर किंवा बर्फात पळणाऱ्या कुत्र्यावर केल्या जातात आणि त्यात सगळीच साधने देखणी दिसतात. मराठी माणसाच्या रोजच्या कामाला ती कितपत उपयोगी पडतात, हे पाहायला भाकरी अधिक बरी.

गूगलचे व्हिओ, रनवे आणि क्लिंग या तिघांवर मी मुख्य भर दिला. इतर काही साधने गरजेपुरती वापरली. ओपनएआयचे सोरा २ या तुलनेत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस ते अ‍ॅपच्या रूपाने आले तेव्हा फक्त अमेरिका आणि कॅनडात आणि तेही निमंत्रणावर मिळत होते. भारतात बसून आडवाटेने ते मिळवावे आणि गिऱ्हाइकाच्या कामासाठी वापरावे, हे मला पटले नाही. आणखी एक खुलासा आधीच करतो. खाली जिथे फसलेल्या तुकड्यांचे वर्णन आहे, तिथे साधनाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. एकच प्रॉम्प्ट, म्हणजे काय हवे त्याची लेखी सूचना, त्याच साधनाला दोनदा दिला तरी दोन निराळे तुकडे हाती येतात, त्यामुळे एका वाईट तुकड्यावरून कोणा एका कंपनीला नावे ठेवणे न्यायाचे होणार नाही. शिवाय या चुका थोड्याफार फरकाने सगळ्यांच्याच आहेत.

भाकरी थापण्याची क्रिया सोपी दिसते, पण तिच्यात ठरलेला क्रम असतो. परातीत पीठ भुरभुरवून त्यावर गोळा ठेवायचा, तळव्याने थापत थापत तो गोल फिरवायचा, मग पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी तव्यावर टाकायची, त्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकू लागले की उलटायची आणि शेवटी जाळावर धरली की ती टम्म फुगते. पहिल्या प्रयत्नात मी हे सगळे इंग्रजीत नीट लिहून दिले. उत्तरादाखल आलेल्या तुकड्यात एक प्रसन्न चेहऱ्याची बाई लाटण्याने पोळी लाटत होती. लाटणे नको असे स्पष्ट लिहिल्यावर लाटणे गेले, पण हात भाकरीला न लागता तिच्यावर दोन बोटे उंचावरून हलू लागले. तो तुकडा मी गटाच्या अध्यक्ष असलेल्या अक्कांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तेव्हा त्यांचा निरोप आला, ‘‘ही बाई भाकरी थापतीया का टाळ्या वाजवतीया?’’ तिसऱ्या तुकड्यात हात बरोबर होते, मात्र भाकरी फिरत नव्हती, परात फिरत होती. चौथ्यात डाव्या हाताला सहावे बोट फुटले.

लुगड्याचेही तेच झाले. नऊवारी म्हटले की कोणी काष्ट्याऐवजी साधी पाचवारी नेसवतो, कोणी डोक्यावरून उत्तरेकडचा घुंघट ओढतो. इरकलीच्या पदरावरची नक्षी तर पहिल्या सेकंदाला एक आणि पाचव्या सेकंदाला दुसरीच असते. याचे कारण फारसे गूढ नाही. ही साधने ज्या व्हिडिओंवर शिकली, त्यांत पोळी लाटणारे हात भरपूर असतील आणि भाकरी थापणारे थोडे. साधनाने जे फारसे पाहिलेले नाही, ते शब्दांनी कितीही वर्णन केले तरी ते जवळच्या ओळखीच्या गोष्टीकडेच घसरते. त्यामुळे कोणते साधन घ्यावे यापेक्षा त्याच्यासमोर काय ठेवावे हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटू लागला.

अक्कांनी फोनवर काढलेले काही फोटो मागवले आणि शब्दांऐवजी फोटोपासून तुकडे काढायला सुरुवात केली, तेव्हा सगळे चित्रच पालटले. पहिली फ्रेम खरी असली की लुगडे, परात, चुलीचा पोतेरा, मागची काळवंडलेली भिंत यांतले काहीही साधनाला कल्पून काढावे लागत नाही. त्याच्याकडे फक्त हालचाल उरते. शब्दांवरून काढलेल्या सात-आठ तुकड्यांतून जेमतेम एक उपयोगाचा निघत होता, तर फोटोवरून दोन-तीन तुकड्यांत काम होऊ लागले. पुढची सगळी तुलना फोटो देऊन केलेल्या कामाची आहे.

मी काम केले तेव्हा आवाजासह चित्र देण्यात गूगलचे व्हिओ या तिघांत आघाडीवर होते. मे २०२५ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून चित्राबरोबर आवाजही तयार होतो, आणि ऑक्टोबरमध्ये आलेल्या ३.१ मध्ये तो संदर्भचित्रे देऊन केलेल्या तुकड्यांनाही मिळू लागला. तव्यावरच्या पाण्याचा चर्र आवाज आणि चुलीतल्या लाकडाचे तडतडणे यांसाठी मला वेगळी आवाजफीत शोधावी लागली नाही, आणि हे आवाज हालचालीशी बऱ्यापैकी जुळलेले होते. तुकडा एका वेळी ८ सेकंदांचा मिळतो. ‘फ्लो’ या त्यांच्या साधनात पहिली आणि शेवटची फ्रेम देण्याची सोय आहे, ती उलटलेल्या भाकरीसाठी फार कामाला आली: अलीकडे ओली भाकरी, पलीकडे फुगलेली भाकरी, आणि मधले त्याने भरून काढले. प्रकाशाची समज उत्तम आहे; उतरत्या उन्हात डोलणारी ज्वारीची कणसे पाहून गटातल्या बायकांनी हे कोणाचे रान म्हणून विचारले.

रनवेचा पिंड वेगळा आहे. २०१८ पासून न्यूयॉर्कमध्ये काम करणारी ही कंपनी चित्रपटवाल्यांच्या हिशेबाने विचार करते, आणि ते तिच्या प्रत्येक सोयीत दिसते. मार्च २०२५ मध्ये आलेल्या जेन-४ मध्ये संदर्भचित्रे देऊन तोच चेहरा वेगवेगळ्या शॉटमध्ये टिकवता येतो; एकच बाई रानात, दारात आणि चुलीपुढे दाखवायची असेल तर ही सोय सोडून चालत नाही. ‘अलेफ’ हे त्यांचे त्यानंतरचे साधन मला सगळ्यांत जास्त आवडले, कारण ते नवा व्हिडिओ काढण्याऐवजी तुम्ही काढलेल्या व्हिडिओत बदल करते. फोनवरच्या शॉटमध्ये मागे उभी असलेली मोटरसायकल काढून टाक, दुपारचे ऊन संध्याकाळचे कर, असे साध्या वाक्यांत सांगता येते. ‘अ‍ॅक्ट-टू’मध्ये आपण कॅमेऱ्यासमोर केलेला अभिनय दुसऱ्या पात्राच्या अंगी उतरवता येतो; या जाहिरातीत त्याची गरज नव्हती, पण बालगोष्टींचा चॅनेल चालवणाऱ्याने ते जरूर पाहावे. जेन-४ आवाज देत नाही, हे मात्र आधीच गृहीत धरायला हवे.

क्लिंग हे चीनच्या क्वायशो कंपनीचे आहे. जून २०२० मध्ये भारताने ज्या ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉकच्या जोडीला याच कंपनीचे ‘क्वाय’ही होते, चार वर्षांनी, जून २०२४ मध्ये, तिनेच हे साधन आणले. अंगाची आणि कापडाची हालचाल हे त्याचे बलस्थान आहे. वाऱ्याने उडणारा पदर, डोक्यावर पाटी घेऊन चालताना कमरेला येणारी लय, परातीतून उडणारे पीठ यांना त्याच्याकडे जे वजन येते, ते मला आवडले. मी वापरलेल्या २.५ टर्बो या आवृत्तीत तुकडा ५ किंवा १० सेकंदांचा घेता येत होता आणि १० सेकंदांची सवड चालत्या माणसासाठी मोलाची ठरली. ही आवृत्ती मुकीच होती.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘पिका’ नावाच्या साधनाचे वस्तू चिरडणारे, वितळवणारे, फुगवणारे इफेक्ट गमतीच्या रील्सना शोभतात, भाकरीला नाही. अ‍ॅडोबीच्या फायरफ्लायचा भर परवाना घेतलेल्या सामग्रीवर शिकवल्याच्या ग्वाहीवर आहे, आणि ज्याचे गिऱ्हाईक मोठी कंपनी असून कायदा विभागाची सही लागते, त्याने इतरांकडे पाहण्याआधी ते पाहावे. ज्यांच्याकडे बरे ग्राफिक्स कार्ड आहे त्यांच्यासाठी अलीबाबाचे वान २.१ हा निराळाच मार्ग आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये खुल्या परवान्यावर आलेल्या या मॉडेलच्या लहान आवृत्तीला सुमारे ८ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डची स्वतःची मेमरी) पुरते आणि क्रेडिटची, म्हणजे दर तुकड्यामागे खर्च होणाऱ्या विकतच्या गुणांची, कटकट राहत नाही. अर्थात पहिले दोन दिवस मांडामांडीत जातात, आणि त्या लहान आवृत्तीचे चित्र ४८० पिक्सेलचे असते.

आता भाषेविषयी. नावाच्या पाटीवरची देवनागरी अक्षरे या साधनांकडून काढून घेण्याचा हट्ट धरू नये. ‘कडक भाकरी’ असे लिहून मागितल्यावर एका तुकड्यात शिरोरेषेखाली लोंबणाऱ्या सुंदर, पण कोणत्याच लिपीत नसलेल्या आकृत्या आल्या. पाटी कोरी ठेवावी आणि अक्षरे एडिटिंगमध्ये चढवावीत. बोलण्याचे दुखणे याहून सूक्ष्म आहे. पात्राच्या तोंडी ‘‘जरा जाळ कमी कर’’ एवढेच वाक्य दिले होते. यातले दोन्ही ‘ज’ मराठीत दातांजवळून येतात आणि ‘जाळ’च्या शेवटी ‘ळ’ आहे. आलेल्या तुकड्यात दोन्ही ‘ज’ हिंदी वळणाचे होते आणि ‘जाळ’चा ‘जाल’ झाला होता. सोलापूरकडची बाई असे बोलताना दिसली की जाहिरातीवरचा विश्वास तिथेच उडतो. अखेर अक्कांचाच आवाज फोनवर मुद्रित करून वापरला आणि एआयचा आवाज चुलीच्या तडतडण्यापुरता ठेवला.

पैशांचा हिशेब जाहिरातीत दिसतो तितका सरळ नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मी काम केले तेव्हा गूगलच्या एआय प्रो योजनेची किंमत महिन्याला १,९५० रुपये होती. तीत फ्लोसाठी १,००० क्रेडिट मिळत होते, आणि उत्तम दर्जाच्या तुकड्याला १०० व जलद तुकड्याला २० क्रेडिट जात होते. म्हणजे महिन्याला उत्तम दर्जाचे १० तुकडे किंवा जलद ५०. तेव्हा रनवेची स्टँडर्ड योजना दरमहा घेतल्यास १५ डॉलर, तीत ६२५ क्रेडिट, आणि जेन-४ ला सेकंदाला १२ क्रेडिट. त्यामुळे कागदावर ५२ सेकंद दिसतात, पण ते ५ सेकंदांचे १० प्रयत्न आहेत. तीन प्रयत्नांमागे एक तुकडा कामाचा धरला तरी हाती तीनच शॉट लागतात. जेन-४ टर्बो या स्वस्त आवृत्तीला सेकंदाला ५ क्रेडिट पडत, म्हणून रचना टर्बोवर ठरवून घ्यावी आणि शेवटचा प्रयत्नच तेवढा महागात करावा. क्लिंगचे दर आवृत्तीनुसार आणि सवलतींनुसार सतत हलत असतात. घेताना सेकंदाचा भाव त्या दिवशी स्वतः काढून पाहावा. जिओने ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस गूगलची हीच प्रो योजना पात्र ग्राहकांना १८ महिने विनामूल्य देऊ केली, आणि तिची सुरुवात अमर्याद ५जी योजनेवरील १८ ते २५ वयाच्या ग्राहकांपासून झाली. घरात कोणी जिओची अमर्याद ५जी योजना वापरत असेल तर खिशातून पैसे घालण्याआधी त्याचा फोन पाहून घ्यावा. माझ्या भाच्याने स्वतः होऊन सांगेपर्यंत मला हे सुचले नव्हते.

यूट्यूबवर टाकताना खऱ्यासारखे दिसणारे कृत्रिम दृश्य असल्याची खूण अपलोडच्या वेळी करावी लागते; मार्च २०२४ पासून तशी सोय यूट्यूबच्या ‘स्टुडिओ’ या अपलोडच्या पानावर आहे. व्हिओच्या तुकड्यांत सिंथआयडी ही अदृश्य खूणही असते. खाद्यपदार्थाच्या बाबतीत मी त्यापुढे एक मर्यादा स्वतःच पाळली: विकली जाणारी भाकरी जिथे जवळून दिसते, तो शॉट एआयचा असता कामा नये. गिऱ्हाइकाच्या हाती जी भाकरी पडणार आहे, तीच त्याला दिसायला हवी.

म्हणून शेवटी एसटीने गावी गेलोच. खिडकीच्या उजेडात, फोन स्टुलावर टेकवून, अक्कांचे थापणारे हात पहिल्याच टेकमध्ये मिळाले. जाहिरातीतल्या ९ शॉटपैकी ४ फोनवरचे आहेत आणि ५ एआयचे: रानाचे दोन आणि चुलीतल्या जाळाचा एक व्हिओकडून, डोक्यावर पाटी घेऊन चालणारी बाई क्लिंगकडून, दारातली संध्याकाळ रनवेकडून. थापण्याच्या शॉटमध्ये मागे दिसणारे निळे प्लॅस्टिकचे पिंप अलेफने काढून टाकले. गूगलची योजना भाच्याच्या फोनवर चालू आहे, रनवे ज्या महिन्यात काम येईल त्या महिन्यापुरते घेतो, आणि क्लिंगचे उरलेले क्रेडिट पुढच्या कामाच्या बैलगाडीसाठी राखून ठेवले आहेत.