प्रोजेक्टर घेताय? लॅम्प, एलईडी की लेझर

दुकानात गेलं की आधी फोर-के ऐकवतात, मग खोक्यावर छापलेले आयुष्याचे तास दाखवतात. मी म्हणेन, आधी आपली खोली बघा. पडदे ओढल्यावरही हॉलमध्ये उजेड राहतो का, आणि रोज किती वेळ चालवणार? निम्मा निर्णय इथेच होतो.

लॅम्प म्हणजे पाऱ्याच्या वाफेचा दिवा. यंत्र स्वस्त, उजेड भरपूर; 3000 लुमेन (उजेड मोजायचं एकक) सहज मिळतात. आयुष्य साधारण 4000 तास, उजेड कमी ठेवणाऱ्या इको मोडवर आणखी. पण तेवढे तास भरले की दिवा विझतो असं नाही. तोवर त्याचा उजेड निम्म्यावर आलेला असतो. म्हणजे उतरण पहिल्या वर्षापासूनच. रोज तीन तास पाहिलंत तर साडेतीन वर्षांत दिवा बदलायचा, तेव्हा सुट्या दिव्याची किंमत आधीच विचारून ठेवा.

शिवाय लाईट जाण्याचं दुखणं. गणपतीत आमच्या सोसायटीत पिक्चर ऐन रंगात असताना लाईट गेली. दोन मिनिटांत आली, पण प्रोजेक्टर काही पेटेना. पाऱ्याच्या दिव्यात दाब हवेच्या दोनशे पटींच्या आसपास असतो. दिवा गार होऊन तो उतरल्याशिवाय ठिणगी पडत नाही. तेवढ्यात निम्मी पोरं पांगली.

एलईडी आणि लेझरला ही भानगड नाही, बटण दाबलं की चालू. दोघांचं आयुष्य 20,000 तासांच्या घरात. रोज तीन तासांनी अठरा वर्षं. तोवर आतलं सॉफ्टवेअरच म्हातारं होईल, म्हणून या दोघांत तासांची तुलना करत बसू नका.

एलईडीवाला आटोपशीर, रंगही छान, पण उजेडात कमी. स्वस्तातल्या खोक्यांवरचे ‘9000 लुमेन’ मनावर घेऊ नका. आन्सी किंवा आयएसओ, म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेले लुमेन किती ते विचारा. खरे 500 असले तर 100 इंची पांढऱ्या पडद्यावर 55-60 निट्स (पडद्यावर दिसणाऱ्या उजेडाचं माप) पडतात. सिनेमागृहाचं प्रमाण 48 निट्स, म्हणजे मिट्ट अंधारात झकास. ट्यूब लावली की चित्र धुतलेल्या कापडासारखं फिकट.

उजेडाच्या हॉलमध्ये रोज क्रिकेट आणि मालिका बघायच्या असतील तर लेझर, महाग असला तरी. बहुतेकांत निळा लेझर पिवळ्या फॉस्फरवर, म्हणजे प्रकाश पडला की चमकणाऱ्या लेपावर पडून पांढरा प्रकाश होतो. ट्रिपल लेझरमध्ये लाल, हिरवा, निळा वेगवेगळे. रंग अफाट, मात्र काहींना पांढऱ्या भागावर बारीक चमचमते कण दिसतात. ज्यांना रोज बघायचंय त्यांना दुकानात सोबत न्या.

रात्री दिवे मालवून आठवड्याला एखादा सिनेमा, एवढंच असेल तर एलईडी पुरे. वर्षातून दहा दिवस लागणाऱ्या मंडळाला मी अजूनही लॅम्पच सांगतो, फक्त यूपीएस त्याच बिलात धरा.