इसाराआधी वकील: या सेवेची फी कुठे वसूल होते?

घरखरेदीचा करार तपासून देणारी सेवा दोन प्रकारची मिळते. एकीत वकील मसुदा वाचून ‘हरकत नाही’ असं पत्र देतो. ती घेऊ नका. दुसरीत तो कलमं बदलून लिहितो आणि विक्रेत्याच्या वकिलाशी बोलतो. फी जास्त पडते, पण खरं काम तेच.

ती फी बहुतेकदा एकट्या कर्जाच्या कलमात वसूल होते. मसुद्यात इतकंच असतं: ‘कर्ज न मिळाल्यास इसार परत.’ बँक मात्र ठरलेली किंमत आणि तिच्या मूल्यांककाचा आकडा यांत जो कमी, त्यावर कर्ज देते. मूल्यांकन खाली आलं की कर्ज मंजूर होतं, पण अपुरं. विक्रेता म्हणतो, ‘कर्ज तर मिळालं की!’ आणि इसार अडकतो. चांगला वकील इथे किमान कर्जरक्कम, व्याजदराची कमाल मर्यादा, मंजुरीची शेवटची तारीख, बँकेचं कोणतं पत्र पुरावा धरायचं आणि इसार किती दिवसांत परत, हे सगळं घालतो. शिवाय इसार तिऱ्हाइताकडे ठेवायला लावतो. विक्रेत्याने तो खर्चून टाकला, तर कलम कितीही पक्कं असो, वसुलीला कोर्टच.

तारखांचंही तसंच. ‘करारापासून 60 दिवस’ लिहिलं आणि मालकीची कागदपत्रं 25व्या दिवशी मिळाली, तर बँकेच्या हाती 35च उरतात. मुदत कागदपत्रं मिळाल्यापासून मोजायला लावा. उशिराचा दंड दोघांना सारखा हवा.

पाहणीत दोष निघाला तर दुरुस्तीऐवजी किंमत कमी करून घ्या. घर सोडून निघालेला माणूस ओल कुठून येते ते शोधत बसत नाही, वरून रंग मारतो.

भाव पाडायला मात्र ही सेवा कुचकामी. काही वकील तर 40 बदल पाठवतात, त्यात इसाराचं कलम आणि स्वल्पविराम एकाच रांगेत. विक्रेता वैतागून दुसरं गिऱ्हाईक बघतो. चार-पाच मागण्यांवर अडून बसा, बाकी सोडा.

फी ठोक ठरवा. व्यवहार झाला तरच पैसे मिळणारा माणूस ‘सोडून द्या’ कशाला म्हणेल? एजंटचीही तीच गत.

घरावर विक्रेत्याचं कर्ज असेल, तर तेवढी रक्कम थेट त्याच्या बँकेला द्यायची आणि मूळ कागदपत्रं बोजामुक्तीच्या पत्रासह तिथूनच घ्यायची, असं करारात हवं. हे कलम मसुद्यात आयतं सहसा नसतं.