ऊसतोड तळावरचे सेवा-अनुभव शिबिर: एका पालकाचा अभिप्राय

कॅथलिक शाळांतील नववी ते अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी एका धर्मसंघाची संस्था नाताळच्या सुट्टीत सेवा-अनुभव शिबिर भरवते. गेल्या नाताळानंतर सोलापुरातून जी तुकडी गेली, तीत माझी नववीतली मुलगी होती. शिबिर आपल्याच जिल्ह्यातील एका साखर कारखान्याजवळ, बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या तळावर होते आणि मुलांचा मुक्काम जवळच्या मिशनच्या वसतिगृहात होता. शुल्क शाळेच्या नेहमीच्या सहलीपेक्षा कमीच होते. या शिबिरास मुलांना जरूर पाठवावे, मात्र संस्थेकडून काही गोष्टी आधी वदवून घ्याव्यात, असे माझे मत झाले आहे.

अशा शिबिरांची प्रथा अमेरिकेतील कॅथलिक हायस्कुलांत चांगलीच रुजलेली आहे. तेथील विद्यार्थी मेक्सिकोच्या सीमेवरील स्थलांतरितांच्या आश्रयस्थानी, ॲपलाचियाच्या डोंगराळ भागात किंवा मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांत आठवडाभर राहतात. येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट धर्मसंघाचे, तत्कालीन प्रमुख फादर पेद्रो आरूपे यांनी 1973 मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे आपल्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणात, आमच्या शिक्षणातून इतरांसाठी जगणारी माणसे घडली पाहिजेत, असे बजावले होते. त्या विचाराचा या उपक्रमांवर मोठा प्रभाव आहे. मात्र त्याच्या पाच वर्षे आधी, 1968 मध्ये, इव्हान इलिच या धर्मगुरूंनी मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांना तोंडावर सांगितले होते की पाहायला या, शिकायला या, पण आम्हाला मदत करायला येऊ नका. आपली मुलगी कुठे आणि कशासाठी जात आहे हे तपासताना मला आरूपेंपेक्षा इलिच यांचा सल्ला अधिक उपयोगी पडला.

पूर्वतयारी उत्तम होती, हे प्रथम नमूद करते. प्रत्येक गटासोबत एक सिस्टर व एक शिक्षिका होत्या, मुलींची झोपण्याची व्यवस्था स्वतंत्र होती आणि पालकांची लेखी संमती घेतलेली होती. मुलांचे मोबाइल निघतानाच जमा करून घेतले गेले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तळावरील बहुतेक कुटुंबे हिंदू असल्यामुळे तेथे प्रार्थना करायची नाही, धार्मिक पुस्तके वा चित्रे वाटायची नाहीत, गळ्यातली जपमाळसुद्धा आतच ठेवायची, अशी स्पष्ट ताकीद होती. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, आणि सायंप्रार्थना वसतिगृहाच्या चॅपेलमध्येच होत. मजुरीसाठी घर सोडून आलेली, मुकादमाच्या शब्दाला बांधलेली माणसे परक्या पाहुण्याला नको म्हणू शकत नाहीत. म्हणूनच त्यांच्यासमोर आपल्या श्रद्धेचा आवाज खाली ठेवणे हे सभ्यतेचे लक्षण आहे, आणि संस्थेला ते नेमके कळले आहे. सेवेच्या नावाखाली धर्मप्रचार होतो असा संशय ज्यांना येतो, त्यांनी ही नियमावली एकदा वाचून पाहावी.

सकाळी मुले टोळीबरोबर फडात जात. कोयता हाती घ्यायला त्यांना मनाई होती, पण तोडलेला ऊस गोळा करणे आणि मोळी बांधणे त्यांना शिकवले गेले. उसाच्या शेंड्याचे हिरवे वाढे पिळून त्याचा बंध करायचा आणि मोळीखालून घेऊन आवळायचा, हे पाहताना सोपे वाटते. माझ्या मुलीने बांधलेली मोळी एका बाईने उचलून पाहिली, खाली ठेवली आणि बंध सोडत म्हणाली, "अगं बाई, ही गाडीपातुर बी जायची न्हाई." मग तिने पोरीचा हात धरून पीळ कुठे द्यायचा ते दाखवले. घरी आल्यावर मुलीने हे सांगितले ते स्वतःच्या फजितीची गोष्ट म्हणून नव्हे, तर त्या बाईच्या हातातील कसबाची गोष्ट म्हणून. पहाटेच उठून भाकऱ्या थापणारी, दिवसभर फडात वाकणारी ती बाई त्या तासाभरात गुरू होती. शिबिराची खरी कमाई येथेच आहे, कारण इंग्रजी शाळेतल्या मुलांना गरीब माणसाकडून काही शिकण्याची सवय फारशी नसते.

दुपारी तळावरच्या मुलांसाठी चित्रे व वाचनाचे वर्ग होत. त्यांच्याबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. चार दिवसांत कोणी वाचायला शिकत नाही. तथापि आमच्या मुलीच्याच वयाची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या कडेला उभी राहायची आणि खाली बसायची नाही, कारण बसले की पोरगा रडत असे. आई-वडील फडात गेल्यावर तो तिच्याकडेच असायचा. 28 डिसेंबरला, येशूच्या जन्माच्या वेळी हेरोद राजाने मारलेल्या निष्पाप बालकांच्या सणाच्या मिस्सेत, मुलांनी तिच्या नावाने विनंतीप्रार्थना केली.

संध्याकाळच्या चिंतनसत्रांपैकी एक सत्र फार मोलाचे ठरले. सिस्टरांनी फळ्यावर एका कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा, हिशोब मांडला: हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल, टनामागे मिळणारा दर, मुकादमाचे कमिशन आणि आजारपणामुळे फडात जाता आले नाही तर पडणारा खाडा. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, हेही त्यांनी सांगितले. तरीही हंगाम संपताना उचल फिटत का नाही आणि उरलेल्या देण्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा का यावे लागते, ते मुलांनी आकडेमोड करून स्वतःच शोधले. त्यानंतर पोप तेरावे लिओ यांच्या 1891 च्या परिपत्रकातील न्याय्य वेतनाचा भाग वाचला गेला. श्रमिकाची मजुरी त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहास पुरेशी असली पाहिजे, ही ख्रिस्तसभेची शिकवण धर्मशिक्षणाच्या तासाला पाठ केलेल्या मुलांना ती त्या दिवशी प्रथमच समजली असावी. संस्थेने उरलेल्या सर्व सत्रांची आखणी याच धर्तीवर करावी. इतर संध्याकाळी 'तुम्हाला काय वाटले' याच्यापुढे गाडी गेली नाही. शिवाय अनुभववही इंग्रजीत लिहायची सक्ती होती. ज्या माणसांशी दिवसभर मराठीत बोलायचे, त्यांच्याविषयी रात्री इंग्रजीत लिहायचे, यामागील तर्क मला उमगला नाही.

समारोपाच्या कार्यक्रमाने मात्र माझी निराशा केली. मुलीला न्यायला मी गेले, तेव्हा देणगीदारांच्या नावाचा फलक लावून सोलापुरी चादरींचे वाटप चालले होते. चादर उपयोगाची होती, थंडीही होती, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु एका वृद्ध गृहस्थांना फोटो नीट आला नाही म्हणून चादर परत हातात देऊन पुन्हा उभे करण्यात आले आणि त्यांनी मुकाट्याने दुसऱ्यांदा हात पुढे केले. आठवडाभर मुलांचे मोबाइल काढून घेणाऱ्या संस्थेने शेवटच्या तासाला स्वतः कॅमेरा काढावा, याला काय म्हणावे? उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. येथे ते थेट फलकावर छापले होते. चादरी द्यायच्याच असतील तर त्या आधीच, गाजावाजा न करता तळावर पोहोचवता येतील.

दुसरी उणीव परतल्यानंतरची आहे. पाहा, पारखा आणि कृती करा, ही कार्डिनल कार्डाइन यांच्या युवा कामगार चळवळीतून आलेली पद्धत पोप तेविसावे जॉन यांच्या 1961 च्या परिपत्रकानेही पुरस्कारिली आहे. संस्थेच्या माहितीपत्रकात ती ठळकपणे छापलेली आहे. पाहणे झाले, एका संध्याकाळी पारखणेही झाले, कृतीच्या जागी मात्र प्रमाणपत्र मिळाले. परतल्यावर महिन्याभरात मुलांची बैठक घेऊ, असे पालकसभेत सांगितले होते. ती झालेली नाही. वास्तविक पाहता पुढच्या कामासाठी बस भाड्याने घेण्याचीही गरज नाही. विड्या वळणाऱ्या बायकांच्या वस्त्या सोलापुरातच आहेत, आणि कारखान्यातून पानतंबाखू नेऊन वळलेल्या विड्या तेथे जमा करताना नग नापास केले की मजुरी कशी कापली जाते, हा हिशोब उचलीच्या हिशोबाइतकाच शिकण्यासारखा आहे. महिन्यातून एका शनिवारी मुलांना तेथे नेले, तर पाहिलेले विरून जाणार नाही.

परदेशी प्रवेशासाठी प्रमाणपत्र हवे, एवढाच हेतू असेल तर या शिबिरात मुलाची जागा अडवू नये. जागा मोजक्याच असतात. बाकीच्यांनी नाव नोंदवताना समारोपाचे स्वरूप आणि नंतरच्या बैठकीची तारीख लेखी मागावी. सोबत पूर्ण बाह्यांचे जाड कपडे आणि बंद बूट अवश्य द्यावेत, कारण उसाच्या पाल्याने हात चिरतात आणि संस्थेच्या यादीत त्याचा उल्लेख नव्हता.