नखाच्या बुरशीवर गोळी: टर्बिनाफिन की इट्राकोनॅझोल?

पायाच्या अंगठ्याचं नख जाड, पिवळं झालेली माझी मैत्रीण डॉक्टरांनी सुचवलेल्या या दोन गोळ्यांत अडकलीय. भीती एकच: अंगावर काही उठलं तर?

त्वचेचं आधी बघू. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमच्या (औषधामुळे कातडी सोलून निघणारी गंभीर प्रतिक्रिया) नोंदी दोन्हींच्या नावावर आहेत, पण विरळा. टर्बिनाफिनची यादी जरा लांब: ल्युपससारखे (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) चट्टे, किंवा तापासोबत काखेत, जांघेत टाचणीच्या डोक्याएवढे पुवाळलेले फोड. साधी खाज वेगळी. ताप, लाल डोळे, तोंडात फोड, हात लावला तरी दुखणारी कातडी यांपैकी काहीही दिसलं, तर गोळी बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. नंतर तेच औषध पुन्हा 'करून बघायचं' नाही.

बाकी औषधांशी जुळवून घेण्यात इट्राकोनॅझोल फार हट्टी. सिमव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीसोबत तर चालतच नाही. हार्ट फेल्युअर असेल तर नखासाठी इट्राकोनॅझोल नको. टर्बिनाफिन इथे बरंच सोशिक, मात्र कधीकधी तोंडाची चव घालवतं. यकृताची काळजी दोघांतही.

कोर्स: टर्बिनाफिन 250 मिलिग्रॅम रोज, 12 आठवडे. इट्राकोनॅझोल महिन्यातून एक आठवडा, असे साधारण तीन फेरे.

हृदय नाजूक किंवा गोळ्यांचा डबा भरलेला असेल, तर टर्बिनाफिन. ल्युपस किंवा यकृताचा जुना आजार असेल, तर ते नको. यापूर्वी टर्बिनाफिनने अंग सोललं असेल, तर इट्राकोनॅझोलचं डॉक्टरांशी बोलायचं. मैत्रिणीला यातलं काहीच नाही. मी तिला टर्बिनाफिनच सुचवलं, पण आधी नखाचा नमुना तपासून.