रोजची व्हॅलासायक्लोव्हिर ५००: सात महिन्यांनंतर

मी मंगळवार पेठेत घरीच ब्लाऊज शिवते. मापाच्या वहीत पुढून गिऱ्हाइकांची मापं आणि शेवटच्या पानावर माझ्या तारखा. गेल्या वर्षी त्या पानावर आठ टिंबं पडली. एक टिंब म्हणजे एकदा गुप्तांगावर हर्पिस या विषाणूचे फोड उठले. आधी मांडीत मुंग्या, दुसऱ्या दिवशी फोड, मग आठवडाभर मशीनवर बसणं नाही. जागरण झालं की हमखास, म्हणून आठातली चार लग्नसराईतली. मार्गशीर्षात एका नवरीच्या पाच ब्लाऊजांना मी उभ्यानं हुक लावलेत.

तेव्हा व्हॅलासायक्लोव्हिरची गोळी फक्त फोड आल्यावर घ्यायची. मुंग्या येतानाच किंवा फोड उठल्यावर एका दिवसात सुरू केली तरच तिचा नीट उपयोग होतो, आणि मला दर वेळी उशीर व्हायचा. कारण दुकान. पेठेतल्या मेडिकलवाल्यानं चारचौघांत विचारलं, "कुणाला नागीण झालीय काय ओ वहिनी?" मी हो म्हणाले. नागीण वेगळी, तिचा विषाणू वेगळा. तिला हीच गोळी जास्त डोसनं देतात, एवढंच. त्या दिवसापासून मी शाहूपुरीतून औषध आणते.

राजारामपुरीतल्या त्वचारोगाच्या मॅडमना मी वहीच दाखवली. त्या म्हणाल्या, "वर्षातून दोनदा-तीनदा होत असतं तर रोजची गोळी मी सुचवली नसती. तुमचं आठ वेळा झालंय. रोज पाचशेची एक. पण ठरवायचं तुम्ही."

ठरवायला मला तीन आठवडे लागले. चौतिसाव्या वर्षी सासूबाईंच्या बीपीच्या डबीशेजारी माझी डबी ठेवायची, हे मनाला पटेना. शरीराला सवय लागेल असंही वाटायचं. मॅडमनी समजावलं: विषाणू पाठीच्या कण्याच्या खालच्या बाजूला मज्जातंतूंच्या मुळाशी दबून बसतो, गोळी त्याला मारत नाही, फक्त वाढू देत नाही. बंद केली तर सवयीचा त्रास नाही, फोड मात्र परत येऊ शकतात. व्हॅलासायक्लोव्हिरचं पोटात गेल्यावर असायक्लोव्हिरच होतं, आणि ते औषध लोकांनी वर्षानुवर्षं रोज घेतलेलं आहे. किडनी ठीक आहे ना म्हणून क्रिएटिनिन तेवढं तपासून घेतलं.

खरा प्रश्न ह्यांचा होता. ह्यांना कधीच फोड आलेला नाही. कातडीवर काही दिसत नसतानाही विषाणू बाहेर पडू शकतो हे कळल्यापासून मी बरी असले तरी पाठ फिरवून झोपायचे. मॅडमनी सांगितलं, २००४ साली जोडप्यांवरचा एक अभ्यास छापून आला. रोज ५०० मिलिग्रॅम घेतल्यावर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. निम्म्यावर, शून्यावर नाही, म्हणून कंडोम चालूच ठेवायचा. आला कुठून हे शोधत बसू नका, तो वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, हेही त्यांनीच सांगितलं. ते वाक्य त्यांनी ह्यांच्यासमोर उच्चारलं, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. घरी आल्यावर हे म्हणाले, "माझ्यासाठी म्हणून घेऊ नको. तुला मशीनवर बसता येतंय का, तेवढं बघ."

दुसऱ्या दिवशी गोळी सुरू केली.

सात महिन्यांत एक टिंब. माहेरी गारगोटीला गेले तेव्हा डबी घरीच राहिली, तीन दिवस चुकले, त्यानंतर दोन बारीक फोड आले आणि तीन दिवसांत सुकले. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, पाणी वाढवलं, थांबलं. उपाशीपोटीही चालते, त्यामुळे अंबाबाईच्या शुक्रवारी अडचण नाही.

तक्रार एकच, खर्च. मला मिळते ती पट्टी तीन गोळ्यांची, म्हणजे महिन्याला दहा पट्ट्या. असायक्लोव्हिर ४०० बरीच स्वस्त पडते, पण ती दिवसातून दोनदा, आणि कामाच्या गडबडीत माझी दुसरी नक्की राहिली असती. तुमची राहत नसेल तर डॉक्टरांना तीच मागा. दिवस गेलेले असतील तर ते आधी सांगा, हिशेब वेगळा असतो.

बऱ्याच जणांचं वर्षागणिक आपोआप कमी होत जातं, म्हणून वर्षभरानं थांबवून बघायचं ठरलंय. माझं वर्ष फेब्रुवारीत भरतंय, ऐन लग्नसराईत. मॅडमना विचारून मे संपेपर्यंत चालू ठेवीन म्हणते, आणि जूनमध्ये बंद करून वहीचं नवं पान काढीन.